टीका उत्सवाचा आठवडा आणि आमचं उपकेंद्र



यंदाच्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या मंडळाच्या मुलांनी कोरोनाच्या काळात काम केलेल्यांचा सत्कार करायचं ठरवलं होतं. शाल आणि संविधानाची प्रत. यादीत माझं नाव पहिलं. मी नको म्हटलं. मुलं नाराज झाली. एक जण म्हणाला, "ताई, आपल्या माणसाचा सत्कार आपण नाही करायचा तर कोण करणार?" त्याला तिथं काही बोलले नाही. उत्तर लांब आहे, म्हणून इथं लिहिते.

मी आरोग्यसेविका आहे, म्हणजे एएनएम. गावात नर्सबाई म्हणतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर. शहापूर तालुक्यात किन्हवलीहून मुरबाडच्या सरळगावकडे रस्ता जातो, त्या पट्ट्यात कुठंतरी माझं उपकेंद्र. नाव लिहीत नाही, कारण नोकरी आजही तिथंच आहे. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असा सरकारी नियम. तीन हजार म्हणजे कागदावर फार वाटत नाहीत. पण ते पाच गावांत आणि नऊ पाड्यांत विखुरलेले असले, त्यातले दोन पाडे गाडी न जाणारे असले आणि निम्मी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली असली, की ते तीन हजार किती होतात ते पायांना विचारा.

मी सांगणार आहे तो आठवडा ११ ते १७ एप्रिल २०२१ चा. दुसरी लाट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कोरोना म्हटलं की मार्च २०२० आठवतो. मुंबई-आग्रा हायवेवरून कसारा घाटाकडे चालत निघालेले मजूर, डोक्यावर बोचकी, पायांत तुटक्या चपला. आसनगावला, खर्डीला आपल्या पोरांनी त्यांना खिचडी वाटली, पाणी दिलं. त्यावर खूप लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण माणसं खरी मेली ती दुसऱ्या वर्षी, घरात, पाड्यावर, गुपचूप. त्यावर आपल्याकडेही फारसं कुणी लिहिलेलं नाही.

११ एप्रिल, रविवार. क्रांतीबा जोतिराव फुल्यांची जयंती. त्या दिवसापासून १४ एप्रिलपर्यंत, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत, देशभर 'टीका उत्सव' करा असं पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं. तारखा बघा. फुले ते आंबेडकर. व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर फिरत होती, त्यावर दोन्ही महापुरुषांचे फोटो. आणि त्याच्या चार दिवस आधीच राज्याचे आरोग्यमंत्री सांगत होते की महाराष्ट्रात तीन दिवस पुरेल एवढीच लस शिल्लक आहे. मुंबईपासून साताऱ्यापर्यंत केंद्रं बंद पडत होती. उत्सव होता, लस नव्हती. आपल्या महापुरुषांच्या नावाचं असंच होत आलंय. नाव घ्यायचं, तारीख घ्यायची, फोटो घ्यायचा आणि आतला माल काढून ठेवायचा.

त्या रविवारी आमच्या सेशनला दोन व्हायल आल्या. कोविशिल्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस, म्हणजे वीस माणसं. सकाळी सहापासून शाळेच्या पडवीत सत्तरेक माणसं बसलेली. पंचेचाळीसच्या पुढची सगळी. त्यांत एकतिसाव्या नंबरला माझे सासरे.

बाबा रेल्वेत गँगमन होते. कसारा-आटगाव सेक्शनला रूळ ठोकण्यात हयात गेली. वय बहात्तर. लसीसाठी त्यांची ही तिसरी खेप. आधी दोनदा त्यांचा नंबर यायच्या आत डोस संपले होते. सून टोचणारी आणि सासरा रांगेत, याची गावात चेष्टा व्हायची. त्या दिवशी एक पुढारी आपल्या घरचे सहा जण घेऊन गाडीतून उतरला आणि थेट टेबलापाशी आला. मी म्हटलं, नंबर घ्या. त्याने फोन काढला, कुणाला तरी लावला, माझ्या हातात दिला. पलीकडून मला सांगण्यात आलं की जास्त शहाणपणा नको. सहा डोस गेले. वीसातले सहा.

चौदाव्या माणसाला टोचून झालं तेव्हा मी पडवीकडे बघितलं. बाबा उठून चपला घालत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाबा, थांबा जरा, कुणी कमी आलं तर बघते." ते म्हणाले, "त्याने लाईन मोडली म्हणून मीबी मोडू का? जाऊ दे, बुधवारी येईन." आणि तीन किलोमीटर उन्हात चालत घरी गेले. मी त्यांना थांबवायला हवं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला हजार वेळा विचारलाय. तत्त्वाने बघितलं तर नाही. पण तत्त्वाला फुप्फुस नसतं.

सोमवारी लस नव्हती, फक्त ताप सर्वेक्षण. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. संध्याकाळी बाबांना ताप आला. ऊन लागलं असेल म्हणून कांद्याचा रस लावला सासूबाईंनी. मीही गप्प बसले. सगळ्या गावाला दारोदार सांगत फिरणारी मी, स्वतःच्या घरात म्हणत होते, ऊनच असेल.

मंगळवारी, पाडव्याच्या दिवशी, सकाळी अँटिजेन किट घरी आणलं. पंधरा मिनिटांत दोन रेघा. ऑक्सिजन ९६, म्हणजे ठीक. घर दोन खोल्यांचं. आतली खोली बाबांना दिली, सासूबाई आणि मुलगी बाहेरच्या खोलीत, मिस्टर ओट्यावर. मिस्टर पडघ्याच्या पुढं गोदामात कामाला होते. त्यांनी ठेकेदाराला खरं सांगितलं आणि त्याने चौदा दिवस येऊ नका म्हणून सांगितलं. पगाराचं विचारलं तर फोन बंद. मी वरिष्ठांना कळवलं की घरात पेशंट आहे. उत्तर आलं, "तुम्हाला लक्षणं आहेत का? नाहीत ना? मग ड्युटी करा, माणूस नाही दुसरा." त्यात त्यांचंही खोटं नव्हतं. माणूस खरंच नव्हता. माझे दोन डोस झालेले, मास्क दोन घालत होते. आणखी काय करणार होते?

आता इथं एक गोष्ट सांगते, ती या आठवड्यातली नाही, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिल्या लाटेत, २०२० च्या एप्रिलात, गावांच्या वेशीवर बांबू आणि काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या. मी आणि दुसऱ्या उपकेंद्राची एक सिस्टर सर्व्हेला गेलो होतो. ती वरच्या जातीतली, स्वभावाने चांगली बाई. एका घरी तिने पाणी मागितलं. त्या घरच्या बाईने तांब्या अंगणात लांब ठेवला आणि म्हणाली, "वरनं ओतते, ओंजळ करा. तांब्याला हात लावू नका." सिस्टर प्यायलीच नाही. रस्त्यात येऊन ढसाढसा रडली. म्हणाली, "आयुष्यात माझा कुणी असा अपमान केला नव्हता गं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं नाही. घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "आमच्या लहानपणी हॉटेलात आमची कपबशी छपराच्या वाशाला अडकवलेली असायची. आपणच काढायची, आपणच धुवायची, परत अडकवायची. आमचं चौदा दिवसांचं नव्हतं." एवढंच बोलून ते टीव्ही बघायला लागले. टीव्हीवर 'सोशल डिस्टन्सिंग पाळा' चालू होतं. मित्रांनो, या शब्दाला आपल्या लोकांनी तेव्हाच हरकत घेतली होती. 'शारीरिक अंतर' म्हणा, सामाजिक अंतर या देशात हजारो वर्षं पाळलंय म्हणून सांगितलं होतं. काहींना तो शब्दांचा कीस वाटला. ज्यांना वाटला त्यांनी ती कपबशी बघितलेली नाही.

आणि आरोग्य खात्याच्या आतही हेच. पीपीई किट आली ती मोजून. डॉक्टरांना किट, आम्हाला मास्क आणि मावशीला तिची ओढणी. मावशी म्हणजे सफाई करणारी, ठेक्यावरची. स्वॅबच्या खोलीतली फरशी पुसायची, उलटी काढायची, वापरलेली किटं पिवळ्या पिशवीत भरायची ती तिने. ती कुठल्या समाजाची असेल ते मी लिहायची गरज नाही. कोविड योद्ध्यांवर हेलिकॉप्टरमधून फुलं उधळली तेव्हा मावशी आमच्या मागे उभी राहून विचारत होती, "ही फुलं झाडायची कुणी?"

परत त्या मंगळवारकडे येते. सकाळी घरचं उरकून मी कातकरी वाडीवर गेले. वाडीवर तीन कुटुंबं भट्टीवरून अवेळी परत आली होती. हंगाम जूनपर्यंतचा असतो. एप्रिलच्या मध्यात कुणी परत येत नाही, कारण दिवाळीला घेतलेली उचल फिटलेली नसते. मालकानेच टेम्पोत घालून पाठवलं होतं. का, ते कुणी सांगेना. मी 'ताप आहे का' विचारलं की सगळे नाही म्हणायचे. लसीचं नाव काढलं तर बायका पोरं घेऊन जंगलाकडे चालू लागायच्या. सुई घेतली की माणूस मरतो, असं पसरलेलं. त्यांना अडाणी म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. पण ज्या सरकारने त्यांच्याकडे फक्त जमीन घ्यायला किंवा पोलीस घेऊन यायचं, ते सरकार अचानक फुकट औषध द्यायला आलं तर संशय येणारच. मी त्यांच्या जागी असते तर मीही पळाले असते.

त्यातल्या एका बाईला मात्र खोकला होता. पस्तिशीची असेल, तीन पोरं. मीटर लावला, ९५. गोळ्या दिल्या, "आत पडून राहा, पोरांना जवळ घेऊ नको" सांगितलं. झोपडी एक, माणसं पाच. जवळ घेऊ नको म्हणजे काय करू, असं तिने विचारलं नाही. नुसती बघत राहिली.

आणि हात धुवा. हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणायचे मी. वाडीवर विहीर आटलेली, टँकर दोन दिवसांआड. आपला शहापूर तालुका म्हणजे भातसा, तानसा. मुंबईच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. आमच्या बायका त्या जलवाहिनीच्या गळतीखाली हंडा लावतात आणि तो गुन्हा ठरतो. महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला १९२७ साली. आमच्या वाडीवर २०२१ मध्ये साथ आली तेव्हा हात लावायला पाणीच नव्हतं. वीस सेकंद हात धुवायला सांगताना माझी जीभ अडखळायची.

बुधवार, १४ एप्रिल. सरकारी सूचना होती की जयंती घरातच, साधेपणाने. रात्री आठपासून कडक निर्बंध लागणार होते. सकाळी मुलीने बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, निळा झेंडा दाराला लावला. बाबांनी आतून सांगितलं की माझा पांढरा शर्ट द्या. तापात, थरथरत्या हाताने बटणं लावली. खिडकीच्या आत ते, बाहेर आम्ही चौघं. त्रिसरण-पंचशील म्हणायला त्यांनीच सुरुवात केली. चौथ्या शीलापर्यंत आले आणि खोकल्याने थांबले. पुढचं मुलीने म्हटलं. त्यांनी आयुष्यात सहा डिसेंबरची चैत्यभूमी चुकवली ती फक्त २०२० ला, तीही लोकांना येऊ नका असं आवाहन होतं म्हणून. घरातली जयंती त्यांना अशी, म्हणजे काय वाटलं असेल!

लस बुधवारीही आली नाही. उत्सवाचा शेवटचा दिवस होता.

रात्री बाबांचा मीटर ९३ दाखवायला लागला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "बेड कुठंच नाही, सिस्टर. ठाण्यात नाही, कल्याणात नाही. ९० च्या खाली गेलं तर सांगा, काहीतरी बघू. तोवर पोटावर झोपवा आणि तासातासाला मोजा." मोजा. पण मीटर कुणाचा?

इथंच माझ्या 'नको'चं कारण आहे.

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सप्टेंबर २०२० मध्ये आली तेव्हा आमच्या उपकेंद्राला चार ऑक्सिमीटर मिळाले होते. एक महिन्याभरात बंद पडला. एक पाण्यात पडला. एक दुसऱ्या सेंटरला मागून नेला, तो परत आला नाही. उरला एक. शहापूरच्या मेडिकलमध्ये मिस्टर विचारून आले. आठ दिवसांपूर्वी सहाशेला मिळत होता तो एकवीसशे सांगितला, तोही शिल्लक नाही. म्हणजे पाच गावं, नऊ पाडे, तीन हजार माणसं आणि एक मीटर. तो मी बुधवारी रात्री पिशवीतून घरी आणला. उपकेंद्राला कुलूप लावून पिशवीत घालताना कुणी बघितलं नाही, पण मी इकडेतिकडे बघितलं होतं. ते मला आठवतं.

गुरुवारी सकाळी मीटर घेऊन कामाला गेले. दुपारी मिस्टरांचा फोन आला की बाबांना धाप लागतेय. मी गाडीला किक मारली, घरी आले. ९१. उशी पोटाखाली घेऊन पालथं झोपवलं, अर्ध्या तासाने ९३ झालं. निघताना मीटर उचलला आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती बारा वर्षांची. शाळा ऑनलाईन होती, पण घरात मोबाईल चालणारा एकच आणि तो कोविनच्या एन्ट्रीसाठी माझ्याबरोबर फिरायचा, त्यामुळे तिची शाळा म्हणजे एक वही होती. ती म्हणाली, "मम्मी, मी लिहून ठेवीन. दर तासाला." मी मीटर तिच्या हातात ठेवला आणि गेले.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आशाताईचा निरोप आला की वाडीवरच्या त्या बाईला दम लागतोय. मी गेले. रस्ता संपतो तिथं गाडी लावून पुढं वीस मिनिटं चालत. ती झोपडीच्या कुडाला टेकून बसली होती. मीटर नव्हता. घड्याळ लावून तिच्या छातीकडे बघत श्वास मोजले, मिनिटाला २८. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चोवीसच्या वर गेलं की माणूस हलवायचा. मीटर असो नसो. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, मी आशांना शिकवलंय.

१०८ ला फोन लावला. पहिला प्रश्न, "सॅच्युरेशन किती?" मी श्वास सांगितले. "आकडा सांगा ना सिस्टर, ऑक्सिजनचा आकडा." माझ्याकडे मीटर नाही म्हटलं. "मग कसं? हॉस्पिटल विचारतं. आधीच गाड्या अडकल्यात. आकडा घेऊन परत करा." त्या मुलावर मी रागावत नाही. त्याच्याकडे त्या क्षणी किती जण आकडे घेऊन उभे असतील! त्या दिवसांत माणसाला बेड मिळत नव्हता, आकड्याला मिळत होता.

मी काय करू शकले असते? घर सात किलोमीटर. जाऊन मीटर आणून परत वाडीवर यायला दीड तास, अंधारात. आणि तेवढा वेळ बाबांकडे मीटर नाही. मी हिशेब केला. हिशेबाच्या शेवटी मी तिला पोटावर झोपायला लावलं, आशाताईला जवळ थांबायला सांगितलं आणि म्हटलं, "पहाटे येते, मीटर घेऊन." ती काहीच बोलली नाही. कातकरी बायका नर्सबाईशी वाद घालत नाहीत. एखाद्या सावकाराच्या, पाटलाच्या घरची बाई असती तर तिच्या माणसांनी मला रात्रभर हलू दिलं नसतं आणि मीही बहुधा हलले नसते. हे लिहायला मला वर्षं लागली. अन्याय करणारा नेहमी पलीकडचाच असतो, असं आपण समजतो. त्या रात्री माझ्याही मनाने वाडीवरच्या माणसाची वाट बघण्याची तयारी गृहीत धरली होती.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला मीटर लावला तेव्हा ७९ होतं. आता आकडा होता. गाडी तीन तासांनी आली. डांबरी रस्त्यापर्यंत तिला चादरीच्या झोळीतून आणलं, नवरा, दीर आणि आपल्या वस्तीतली दोन पोरं. गावातलं दुसरं कुणी आलं नाही. जाताना तिने मोठ्या मुलीला फक्त एवढं सांगितलं की कोंबडी झाक. सोमवारी ती गेल्याचा फोन आला. तिथंच अग्नी दिला. नवऱ्याला पोचायला गाडी मिळाली नाही.

आपण दर वर्षी १० मार्चला सावित्रीमाईंची गोष्ट सांगतो. १८९७ चा प्लेग, मुंढव्याच्या गायकवाडांचा मुलगा, त्याला पाठीवर घेऊन हडपसरजवळ ससाणे मळ्यात यशवंताच्या दवाखान्यापर्यंत माई चालत गेल्या, पोरगा वाचला आणि माई प्लेगने गेल्या. मीही भाषणात सांगितली आहे ती गोष्ट. पण आता सांगताना घसा अडतो. माईंना चालत जावं लागलं, कारण सरकारी व्यवस्था आपल्या माणसासाठी नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांनी साथरोग कायदा केला. तोच १८९७ चा कायदा महाराष्ट्रात १३ मार्च २०२० ला लागू झाला. कायदा सव्वाशे वर्षं टिकला आणि आपल्या पेशंटची झोळीही टिकली. माईंच्या त्यागाचं कौतुक करता करता आपण झोळीचंच कौतुक करायला लागलोय का, हे जरा बघा. संविधानाच्या कलम ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं आद्य कर्तव्य म्हटलंय. ते त्याग करा म्हणत नाही.

योद्धा म्हटलं की हत्यार मागता येत नाही, पगार मागता येत नाही, रजा मागता येत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला होता. त्याची मुदत २४ मार्च २०२१ ला संपल्याचं पत्र केंद्राने काढलं आणि ओरड झाल्यावर ती वाढवली. म्हणजे मी मंगळवारी वाडीवर उभी होते तेव्हा कागदावर माझ्या मरणाची किंमत शून्य होती आणि मला ते माहीतही नव्हतं. त्याच जूनमध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा कुठं हजार रुपये मानधनवाढ आणि पाचशे कोविड भत्ता मिळाला. फुलांनी नाही, संपाने मिळाला. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी कामगारांच्या बाजूने आठ तासांचा दिवस मांडला, तो काही सत्कार म्हणून नाही.

मुलांना मी दुसरं एक सांगितलं. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला दहा हजारांचा निधी यायची तरतूद आहे. आमच्या गावात ती समिती आहे हे मंडळातल्या एकालाही माहीत नव्हतं. सहाशेच्या भावाने दहा हजारांत सोळा मीटर येतात. तो निधी आला का, आला तर कशावर गेला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. माहितीच्या अधिकारात विचारा, तालुक्यात आरोग्यसेविकांची किती पदं भरलेली आहेत, किती रिकामी. डीजेच्या परवानगीसाठी आपण तहसीलदाराकडे पाच चकरा मारतो, त्यातली एक इकडे मारा. आणि हे मी नुसतं सुनावत नाही. १८ एप्रिलला, त्या आठवड्याच्या दुसऱ्याच दिवशी, जयंतीची वर्गणी शिल्लक होती त्यातून याच मुलांनी कल्याणहून तीन मीटर आणून माझ्या टेबलावर ठेवले होते. एकेकाला अठराशे पडले. पावती मागितली तर दुकानदार नाही म्हणाला. ते तीन मीटर मेअखेरपर्यंत नऊ पाडे फिरले. त्यांचा सत्कार करायचा असेल तर माझी ना नाही.

बाबा वाचले. बावीस दिवस लागले. आज थोडं चाललं की दम लागतो, पण यंदाच्या जयंतीला पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत होते. पहिला डोस त्यांना जुलैमध्ये मिळाला, रांगेतूनच.

मुलीची ती वही मी जपून ठेवली आहे. गेल्या आठवड्यात परत उघडली. गुरुवारचं पान. तिचं अक्षर तेव्हा गोल होतं. दुपारी ३ – ९३. ४ – ९३. ५ – ९४. ६ – ९४. ७ – ९४. ८ – ९५. ९ – ९४. १० – ९५, आजोबा झोपले. ११ – ९५. १२ – ९५. त्याच्या पुढं पेन्सिलने लिहिलंय, 'मम्मी पण झोपली.'